‘ओळख न पटलेले’ या रकान्यातले कोळी : प्रकल्प नोंदी

१९ एप्रिल २०२३

सापळे लावून झाले. जागा अमेरिकेतल्या मध्य आयोवातलं मक्याचं शेत, त्यातून आडवी गेलेली प्रेअरीची पट्टी. इथल्या विद्यापीठाच्या लोकांनी २००७ पासून असे पट्टे लावून मोजमाप केलं आहे. शेताचा दहावा हिस्सा गवत-फुलांना दिला की पावसात वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटते. मातीचं गणित पक्कं झालं आहे, पण त्या पट्ट्यात राहतं कोण, याचं उत्तर ठिकठिकाणी मोघम आहे. आमचा छोटा प्रकल्प त्यातल्या कोळ्यांपुरता.

सापळा अगदी साधा. जमिनीच्या पातळीला पुरलेला प्लास्टिकचा कप, तळाशी प्रॉपिलीन ग्लायकॉल, वर खिळ्यांवर उभं केलेलं झाकण. झाकण पावसासाठी आणि रॅकूनसाठी. पावसाला ते अडवतं.

गेल्या हंगामाचा तक्ता मला मिळाला आहे. लांडगा-कोळी, खेकडा-कोळी, उड्या मारणारे, सगळे नावानिशी. मग एक रकाना : ‘लिनिफिइडी, ओळख न पटलेले’. सगळ्यात मोठे आकडे त्याच रकान्यात आहेत. तो फोडणं हे माझं काम.

१० मे

पहिल्या खेपेची निवड. पांढऱ्या ट्रेमध्ये इथेनॉल ओतून त्यात माल पसरायचा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली चिमट्याने वेगळं करत जायचं. भुंगेरे, मुंग्या, स्प्रिंगटेल (मातीत राहणारे, उडी मारणारे इवले जीव), मातीचे कण. त्यांच्यामध्ये राजगिऱ्याच्या दाण्याएवढे कोळी. नुसत्या डोळ्यांना कचरा वाटावा असे.

मायक्रोस्कोपखाली मात्र चकाकतात. शिरोवक्ष केशरी-पिवळसर, डोळ्यांभोवती काळं, उदर राखाडी. बरेच नर, बऱ्याच माद्या आणि त्याहून जास्त पिल्लं. पिल्लांची कुपी वेगळी केली. कोळ्याची जात ओळखायची ती प्रौढाच्या जननेंद्रियांवरून. या कुळातल्या पिल्लाला कुळाचं नाव मिळतं, फार तर जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं. ती कुपी त्याच रकान्यात राहणार, हे आधीच लिहून ठेवते.

ज्यांना हे कुळ माहीत नाही त्यांच्यासाठी : लिनिफिइडी म्हणजे चादरीसारखं सपाट जाळं विणणारे कोळी. जाळ्याला चिकट थेंबांचं चक्र वगैरे काही नाही. एक पातळ पडदा, त्याच्या खालच्या बाजूला कोळी उलटा लटकलेला. भक्ष्य वर पडलं की खालून चावा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांखालोखाल जगातलं सगळ्यात मोठं कुळ हेच, साडेचार हजारांहून जास्त जाती. बहुतेक प्राणिगटांत विषुववृत्ताकडे जावं तशी विविधता वाढते, इथे उलटं आहे : या कुळाचा जोर उत्तरेच्या थंड प्रदेशात. मी पुण्यात कोळी शिकले ते भारतीय कोळ्यांचे अभ्यासक बी. के. टिकादर यांची चित्रं समोर ठेवून. तिथे या कुळाशी माझी गाठ क्वचितच पडली होती. इथे ट्रेमधले निम्मे तेच.

२५ मे

ओळख-कुंजी घेऊन बसले. पायऱ्या अशा :

मादीच्या पाल्पच्या, म्हणजे तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या, टोकाला नखी आहे की नाही? नाही. म्हणजे एरिगोनिनी, बुटक्या कोळ्यांचा गट. ही खूण फार उपयोगी आहे, पण पाहायला पाल्प नेमक्या कोनात धरावा लागतो, आणि दीड मिलिमीटरचा कोळी इथेनॉलमध्ये नेमक्या कोनात कधीच राहत नाही. प्रयोगशाळेतला जुना उपाय म्हणजे तळाशी बारीक वाळू टाकून कोळी तिच्यात रोवणं. मला हात धुण्याचं सॅनिटायझर जेल जास्त सोयीचं पडतं. त्यात कोळी ठेवला की ठेवला तिथे राहतो, जेलमध्ये इथेनॉलच असतं, आणि काम झाल्यावर धुऊन निघतं. फक्त बुडबुडे नकोत.

मग पायांच्या टिबियावरचे, म्हणजे नडगीवरचे, काटे. पहिल्या ते चौथ्या पायापर्यंत प्रत्येकी किती, ते क्रमाने लिहायचं, उदाहरणार्थ २-२-१-१. मग टिबियाच्या पुढच्या भागावरचा, म्हणजे मेटाटार्ससवरचा, एक लांब, नाजूक संवेदी केस, ट्रायकोबोथ्रियम : तो सांध्यापासून किती अंतरावर उगवतो आणि चौथ्या पायावर आहे की नाही. काटे गळतात. केस तर मोडतातच. म्हणून एका नमुन्यावर विसंबायचं नाही, दोन्ही बाजूंचे पाय पाहायचे आणि काटा गळून उरलेली खाच शोधायची.

नरांचं उत्तर लवकर आलं. पाल्पच्या मांडीला खालून दातांची रांग आणि पॅटेलाच्या, म्हणजे गुडघ्याच्या, टोकाला खाली आलेला लांब सुळका. ही एरिगोन जीनसची खूण इतकी ठळक आहे की एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

माद्यांचं उत्तर आलं नाही. निदान दोन प्रकार दिसतात. एक नरांसारख्याच केशरी आणि लहान, दुसऱ्या दोन मिलिमीटरच्या आसपास आणि तपकिरी.

३ जून

एरिगोन म्हणजे जगभरात शंभरच्या आसपास जाती. त्यातली कोणती, यासाठी नराचा डावा पाल्प. सगळे जण डावाच काढतात, म्हणजे जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून पाहता येतात. सुट्या झालेल्या पाल्पला दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड दाखवून मग पाण्यात सोडलं की तो फुगतो आणि आतले भाग उलगडतात : टेग्युलम, सुप्राटेग्युलम, आणि शुक्राणू पोचवणारा एम्बोलस, त्याच्या आजूबाजूच्या आकड्या-फाट्यांसह. कुलपात किल्ली कशी बसते हे बघायचं असेल तर फुगवलेला पाल्पच बघावा. न फुगवलेल्या पाल्पचंही चित्र हवंच, कारण पुढचा माणूस आधी तेच पाहणार.

तुलनेला दोन संदर्भ : जेम्स हेन्री एमर्टन यांचं १८८२ चं मूळ वर्णन, आणि क्रॉस्बी व बिशप यांनी १९२८ मध्ये केलेली या जीनसची उजळणी. पॅटेलाचा सुळका, टिबियाच्या टोकाची कड, एम्बोलसची वळणं, आकार, रंग, सगळं जुळलं. एरिगोन ऑटमनॅलिस. बर्नच्या जागतिक कोळी-सूचीत नाव तपासलं. एमर्टननी दिलेलं जीनस आणि जातीचं नाव आजही तसंच आहे. या कुळात हे नशीब फार थोड्या नावांच्या वाट्याला येतं.

एमर्टन मुळात चित्रकार. येलच्या संग्रहालयासाठी महाकाय स्क्विडचं भलंमोठं प्रतिरूप बनवणारा हाच माणूस. क्रॉस्बींचा जोडीदार बिशप सॅलमँडरचा जाणकार म्हणून जास्त प्रसिद्ध. त्या काळी एकाच गटाला चिकटून राहायची सक्ती नव्हती. एमर्टनचं चित्र मी आज पुन्हा मोठं करून पाहिलं. रेषा मोजक्या, छाया जवळजवळ नाही. पण जिथे दोन जातींत फरक पडतो तिथे रेष ठाम आहे. फोकस स्टॅकिंगने, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र करून, काढलेल्या माझ्या फोटोत सगळंच सारखं स्पष्ट दिसतं, आणि नेमकं कुठे बघायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून रेखाचित्र काढायचंच.

११ जून

तपकिरी माद्यांची एपिजाइन, म्हणजे उदराखालची जननेंद्रियाची पट्टी, काढली. मिन्युटन पिनने, म्हणजे अगदी बारीक टाचणीने, कापून लॅक्टिक अॅसिडमध्ये ठेवली की त्वचा पारदर्शक होते आणि आतल्या शुक्राणू-पिशव्या व त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या दिसतात. एरिगोन नाही. मर्मेसस ट्रायलोबॅटस. याचंही पहिलं वर्णन १८८२ मध्ये एमर्टननीच केलेलं, पण नावाचा प्रवास लांबलचक : टमेटिकस, मग एपेरिगोन, आणि २००७ पासून मर्मेसस. १९८७ मध्ये मिलिज यांनी केलेल्या उजळणीतली चित्रं इतकी नेमकी आहेत की अर्ध्या तासात काम झालं. हाच अमेरिकन कोळी गेल्या काही दशकांत युरोपातही पसरला आहे, तिथल्या गवताळ जागांत आता नेहमीचा.

उरल्या केशरी माद्या. एरिगोनच्या माद्यांबद्दल जुने लोक हात टेकतात ते उगाच नाही. एपिजाइन म्हणजे एक साधी पट्टी, मागची कड किंचित वळलेली, आणि तेवढ्यावरून जाती सांगायच्या. ‘त्याच सापळ्यात, त्याच रंगाच्या, म्हणून त्याच जातीच्या’ हा तर्क सोयीचा आहे. कोळ्यांच्या इतिहासात नर एका नावाने आणि मादी दुसऱ्या नावाने नोंदली गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि चुकीच्या जोड्याही लागलेल्या आहेत. तेव्हा पुरावा हवा.

१२ जून

आकडेवारी बघणारा मित्र नाशिकचा. संध्याकाळी त्याचा फोन.

“अगं, तो अनोळखी रकाना काढूनच टाकू का? मॉडेल त्याच्याशिवाय छान चालतंय.”

“चालणारच. निम्मे कोळी बाहेर काढल्यावर काय नाही चालणार?”

“मग सगळे लिनिफिइडी एकत्र धरू.”

“एकत्र धरलंस तर पट्टी आणि शेत यांत फरकच दिसणार नाही. नांगरलेल्या जमिनीवर पहिला येणारा कोळी आणि गवताच्या बुडख्यात वर्षानुवर्षं राहणारा कोळी एकाच बेरजेत जातील.”

“ऑगस्टपर्यंत नावं देशील?”

“केशरी माद्यांची नाही देऊ शकत.”

तो ‘बरं’ म्हणाला. आवाजावरून पटलेलं दिसलं नाही.

१६ जून

जिवंत माद्या हव्यात, म्हणून पहाटे शेतात. दव पडलेलं असताना जाळी आपोआप दिसतात. ऊन चढलं की नाहीशी. मग बारीक चाळणीतून मक्याचं पीठ भुरभुरवायचं. मक्याच्या शेतात दुकानातून आणलेलं मक्याचं पीठ उडवत गुडघ्यांवर रांगणारी बाई बघून शेजारच्या शेतकऱ्याने ट्रक थांबवला. कारण सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या वळणावरच्या ओल्या भागात ‘असली जाळी’ जास्त असतात असं सांगितलं. खरंच होती.

जाळी अगदी जमिनीलगत. मातीच्या भेगेवर, ढेकळांमधल्या खळग्यावर, चाकाच्या खुणेवर ताणलेली, काही चौरस सेंटिमीटरची. खाली ओलसर मातीत स्प्रिंगटेल. एरिगोनच्या युरोपीय भाईबंदांवर गव्हाच्या शेतात झालेल्या कामातून दिसलं आहे की स्प्रिंगटेल दाट असतील तिथेच हे कोळी जाळं टाकतात. मावा पडला तर तोही खातात, म्हणून शेतीवाल्यांना यांच्यात रस.

तोंडाने ओढायच्या नळीने, म्हणजे पूटरने, केशरी माद्या गोळा केल्या. तुलनेला काही तपकिरीही घेतल्या.

१७ जून

पाळण्याची व्यवस्था : छोट्या डब्या, तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाची पूड यांचा थर. थर ओला ठेवायचा. कोळशामुळे बुरशी कमी लागते आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे स्प्रिंगटेल दिसतात. खाद्य फोल्सोमिया कॅन्डिडा, यीस्टवर वाढवलेले.

जोडी लावायची गरज नाही, हा या बेताचा गाभा. शेतातली प्रौढ मादी बहुधा आधीच जुगलेली असते आणि शुक्राणू साठवून ठेवते. ती अंडी घालेल, पिल्लं मोठी होतील, आणि त्यातले मुलगे आपला पाल्प दाखवतील. आईची जात मुलग्यांवरून ठरेल. अंदाजाला जागाच नाही.

२९ जून

बऱ्याच डब्यांत अंड्यांच्या पिशव्या. प्लास्टरला चिकटवलेल्या, वरून पांढऱ्या रेशमाचं पातळ आवरण.

१४ जुलै

पिल्लं बाहेर. एकेक वेगळ्या डबीत, नाहीतर एकमेकांना खातात. हे काम सांगण्यासारखं नाही, करण्यासारखं तर त्याहून नाही.

२२ ऑगस्ट

पहिले प्रौढ नर. शेवटच्या काती आधी पाल्पचं टोक फुगीर बोंडासारखं असतं, कात टाकली की एकदम सगळी यंत्रणा तयार. केशरी माद्यांचे मुलगे : एरिगोन ऑटमनॅलिस. जेवढ्या केशरी माद्यांचे मुलगे प्रौढ झाले तेवढ्या सगळ्यांचा निकाल हाच. आता त्या आयांची एपिजाइन काढून मोजता येतील, चितारता येतील, आणि ‘हीच मादी’ असं बिनदिक्कत लिहिता येईल.

एका तपकिरी मादीच्या पिल्लांत मात्र फक्त मुली. तिची ओळख एपिजाइनवरून आधीच पक्की आहे, त्यामुळे अडलं काही नाही. पण मर्मेससचीच दुसरी एक जात, मर्मेसस फ्राडिओरम, हिच्यात केंटकीच्या संशोधकांना पेशींत राहणारे जिवाणू सापडले आहेत. त्यातला एक जिवाणू जनुकांनी नर असलेल्या पिल्लांना मादी बनवतो. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या जिवाणूला मुलगे म्हणजे बंद गल्ली, तेव्हा त्याचा हिशोब सरळ आहे. माझ्या डब्यांत तसं काही घडलं असं म्हणायला पिल्लं फार थोडी जगली. पण ‘मुलग्यांवरून आईची ओळख’ ही पद्धत लिहिताना तळटीप हवी : काही माद्यांना मुलगे होणारच नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता ठेवा.

५ सप्टेंबर

तो दुसरा रस्ता : सीओआय जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा तुकडा, म्हणजे डीएनए बारकोड. इतक्या लहान कोळ्याचे दोन-तीन पाय तरी लागतात. उजवेच तोडायचे, डावी बाजू पुढच्या माणसासाठी शाबूत ठेवायची. त्यासाठीचे नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये, शीतकपाटात. ग्लायकॉलच्या सापळ्यातलेही चालतात, वेळेत काढले असतील तर.

१८ ऑक्टोबर

बारकोड आले. केशरी नर, केशरी माद्या आणि पाळलेली पिल्लं एका गटात. तपकिरी वेगळ्या. पाळणघराने जे सांगितलं तेच. मित्राला यादी पाठवली. “मुलींच्या नावाने अडलेलं मॉडेल सुटलं,” असं त्याचं उत्तर.

९ नोव्हेंबर

आज ठरलेलं काम सोडून कुंपणाकडे गेले. दोन थंड रात्रींनंतर ऊन पडलं, वारा जेमतेम. तारांवर, खांबांवर, मक्याच्या खुंटांवर रेशीमच रेशीम. खांबाच्या टोकावर इवले कोळी पायांच्या टोकांवर उभे, उदर आकाशाकडे, धागा सोडत. मग पाय सुटतात आणि कोळी जातो.

१८३२ मध्ये बीगल जहाजाच्या दोरखंडांवर डार्विनला किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असे कोळी उतरलेले दिसले होते. हे फक्त वाऱ्याने होतं का, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१८ मध्ये मॉर्ली आणि रॉबर्ट यांनी वारा बंद केलेल्या पेटीत एरिगोन ठेवून विद्युतक्षेत्र चालू-बंद केलं. क्षेत्र चालू झालं की कोळी टाचा उंचावू लागले, काही तरंगलेही. वातावरणात असं क्षेत्र नेहमीच असतं, म्हणजे वाऱ्याच्या जोडीला तेही कामाला येतं.

दर वर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतात एरिगोन का टिकतो, याचं उत्तर या कुंपणावर आहे. शेत उजाड झालं तर तो जातो, पीक उभं राहिलं की परत उतरतो. म्हणून मक्यात एरिगोन जास्त सापडला तर ते पट्टीचं यश समजू नका, असं अहवालात लिहायचं आहे. पट्टीचं माप बाकीच्या जातींवर घ्या.

खांबावरचे थोडे नमुने घेतले. त्यात एरिगोन होतेच.

२३ जानेवारी २०२४

बाहेर बर्फ. बर्फाच्या थराखाली, गवताच्या पोकळीत याच कुळातले काही कोळी या थंडीतही हिंडतात. मी मायक्रोस्कोपला ड्रॉइंग ट्यूब लावून चित्रं काढते आहे. पाल्प तीन बाजूंनी, एपिजाइन बाहेरून आणि आतून. प्रत्येकाला मोजपट्टी. आयपीसमधली मापनपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर पुन्हा तपासली, कारण झूम बदलला की माप बदलतं. एकूण लांबीपेक्षा शिरोवक्षाची लांबी भरवशाची. उदर अंड्यांनी फुगतं, उपाशी असलं की आक्रसतं.

१२ फेब्रुवारी

वर्णनाचा मराठी मसुदा आधी लिहिला, इंग्रजी त्यावरून होईल. मला आधी मराठीत नीट सांगता आलं तरच मला ते दिसलं आहे असं मी धरते.

‘एरिगोन ऑटमनॅलिस एमर्टन, १८८२. नर : दीड मिलिमीटरच्या आत. शिरोवक्ष गुळगुळीत, चकचकीत, केशरी-पिवळं, डोळ्यांभोवती काळं. उदर राखाडी, वर कवच नाही. पाल्पच्या मांडीला खालून दात, पॅटेलाला खाली आलेला लांब सुळका, टिबिया टोकाकडे रुंद. मादी : नराहून किंचित मोठी, रंग तोच, पाल्पला नखी नाही, एपिजाइन साधी पट्टी. चित्रातली मागची कड पाहा. मादी एकटी असेल आणि तुमच्या भागात दुसरा लहान, केशरी एरिगोन असण्याची शक्यता असेल, तर केवळ रंगावरून नाव देऊ नका.’

‘वर कवच नाही’ हे मुद्दाम. सेरॅटिसेलस जीनसचे नरही लहान आणि नारिंगी, पण त्यांच्या उदरावर कडक ढालीसारखी तकाकी असते. ट्रेमध्ये घाईत दोन्ही एका कुपीत जातात.

८ मार्च

नमुने संग्रहालयात जमा. प्रत्येक कुपीत आत, इथेनॉलमध्येच, टिकाऊ शाईची चिठ्ठी : देश, राज्य, काउंटी, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, गोळा करणारा, ओळखणारा आणि ओळखल्याचं वर्ष. पाळलेल्या पिल्लांच्या कुपीवर आईच्या कुपीचा क्रमांक. कापलेली एपिजाइन सूक्ष्म कुपीत, त्या कोळ्याच्याच मोठ्या कुपीत. ही सुटी झाली की सगळं फुकट जातं, म्हणून संग्रहपालांनी प्रत्येक उघडून पाहिली. मला बरं वाटलं.

तक्त्यात आता एरिगोन ऑटमनॅलिस, मर्मेसस ट्रायलोबॅटस, थोडे ग्रामोनोटा आणि पट्टीतून आलेला, कंबर आवळलेला, मुंगीसारखा दिसणारा टेनेसीलम. ‘ओळख न पटलेले’ हा रकाना राहिला आहे, पण त्यात आता फक्त पिल्लं आणि मोडके नमुने आहेत, आणि शीर्षकातच तसं लिहिलं आहे. मित्राने तो मॉडेलमधून काढला. या वेळी मी हरकत घेतली नाही.

सापळे पुन्हा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. झाकणांना खिळे लांब हवेत. रॅकूनसाठी वर तारेची जाळी टाकून बघायची आहे, भोकं किती मोठी ठेवायची ते अजून ठरलेलं नाही.